एकदाच ओढायचंय

४ मे

डेलबर्टने आज दारात जे आणून उभं केलंय त्याला ट्रेलर म्हणतात म्हणे. मला तर तो आमच्या बैठकीच्या खोलीपेक्षा लांब वाटला. चौतीस फूट. आत ओटा, शेगडी, न्हाणी, पुढे एक झोपायची खोली आणि मागे दार लावून घेता येईल अशी आणखी एक. आम्ही माणसं दोन. मला विचारलं नाही, आधी सांगितलंही नाही. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्याशिवाय कधी खिडकीचा पडदा निवडला नाही.

समोरची मेव्हिस हात पुसत बाहेर आली. मागोमाग तिचा नवरा गेलन. गेलनने एक फेरी ट्रेलरला मारली, एक आमच्या पिकअपला मारली आणि टोपी मागे सारली.

"डेलबर्ट, बोकडाला हत्ती बांधलायस रे."

"अर्ध्या टनाचा पिकअप आहे. ओढतो की."

"ओढेल. ओढायचं कुणाला पडलंय? थांबवणार कसा ते सांग. माझा मोठा ट्रक घेऊन जा, शेडमध्ये पडूनच असतो."

"नको. एकदाच ओढायचंय."

एकदाच म्हणजे काय, मी नंतर विचारलं. तर म्हणाला, "वर्ला, तुला डोंगर बघायचे होते ना?" बघायचे होते खरे. पण ते मी बोलले तेव्हा माझे केस काळे होते.

मेव्हिसला कुठे गप्प बसवतं! "एवढं बिऱ्हाड घेऊन लेकाकडे, किर्ककडे निघालात की काय? थेट अलास्काला?" मी म्हटलं, वेडी आहेस का, तिथे अजून बर्फ आहे. अलास्कात काही ठिकाणी मे महिन्यातही बर्फ असतो. मी वाचलंय.

९ मे

चर्चच्या मोकळ्या आवारात डेलबर्टने मागे घेण्याचा सराव केला. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, हे त्याच्या डोक्यात शिरायला सकाळ गेली. ते शिरेपर्यंत चर्चची टपालपेटी आडवी झाली होती. पाद्रीबाई हसून म्हणाल्या, "असू दे, जुनीच होती." मी आत जाऊन प्रार्थनेची पुस्तकं सरळ लावत बसले. ती सरळच होती.

चाळीस वर्षं याने लोकांच्या डोक्यावरून कात्री फिरवली, कुणाच्या कानाला ओरखडा आला नाही. त्या हातांना म्हातारपणी हे काय सुचावं?

१६ मे

निघालो. पश्चिमेकडे तोंड, आणि डाव्या अंगाने वारा. कॅन्ससचा वारा मला नवा नाही, पण पाठीमागे भिंत बांधून त्यातून कधी गेले नव्हते. मोठा मालट्रक शेजारून गेला की ट्रेलर आधी त्याच्याकडे ओढला जायचा, मग झिडकारल्यासारखा परत यायचा, आणि त्याच्यासोबत आमचा पिकअप. डेलबर्टची बोटं पांढरी पडली होती. मी बोलले नाही. बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि भांडायला त्याचे हात मोकळे नव्हते.

मुक्काम कोलोरॅडोतल्या लमारच्या अलीकडे. जागा अशी की मागे घेऊनच लावायची. डेलबर्टने सुरुवात केली आणि आजूबाजूचे लोक खुर्च्या वळवून बसले. खरंच वळवल्या. एका माणसाने बायकोला हाक मारून बाहेर बोलावलं. डेलबर्ट पुढे, मागे, पुढे. ट्रेलर झाडाकडे, मग विजेच्या खांबाकडे. "उजवीकडे घ्या आजोबा! तुमचं उजवं!" कुणीतरी ओरडलं आणि हशा झाला. नियमाने मी मागे उभं राहून हात दाखवायला हवे होते. मी टॉवेल घेतला आणि न्हाणीघराकडे चालू लागले.

तिथे एक बाई दात घासत होती. खिडकीतून बघत म्हणाली, "काय हो, कोण हा शहाणा? कुणाचं माणूस आहे?"

मी म्हटलं, "कोण जाणे."

परत आले तेव्हा ट्रेलर लागला होता, थोडा वाकडा. डेलबर्ट पायरीवर बसून पाणी पीत होता. शर्ट पाठीला चिकटलेला. "बरं वाटलं का अंघोळ करून?" त्याने विचारलं. केस कोरडे होते माझे. त्याच्या लक्षात आलं नसेल.

१७ मे

वारा फार, म्हणून इथेच. डेलबर्टने ट्रेलरमधलं जड सामान पुढे हलवलं. मागे वजन जास्त झालं की शेपटी डुलते म्हणे. मी मागच्या खोलीत हात द्यायला गेले. नवी उशी, नवं ब्लँकेट, एका माणसापुरती ताटवाटी. कपाटात कामावर घालायचे बूट, कोरे, बारा नंबरचे. डेलबर्टचा पाय नऊ नंबरचा. विचारलं तर म्हणाला, चुकून आले. मग दुकानात परत का नाही दिले, हे मी विचारलं नाही. हल्ली विसरायला लागलाय, तसंच काहीतरी असेल. सत्तर झाली आता.

एक मात्र नवल वाटतं. हा दर महिन्याला मासे धरायला कोलोरॅडोत येतो, कितीतरी वर्षं. या रस्त्यावरचा प्रत्येक पंप त्याला ठाऊक आहे. एकाही तळ्याचं नाव मात्र सांगता येईना. मासे सोडून देतो म्हणतो. घरी एकसुद्धा आला नाही कधी.

१८ मे

अंधार पडल्यावर लिहितेय.

ला वेटा खिंड. चढताना इंजिन तापलं, दोनदा थांबलो. मागे गाड्यांची रांग, प्रत्येक जण पुढे जाताना मान वळवून बघणारा. मी नकाशा तोंडापुढे धरला होता. रस्ता एकच आहे, नकाशात बघायचं काय होतं?

माथा ओलांडला आणि मला वाटलं, सुटलो. उतारावर वेग आपोआप वाढला. एक मालट्रक धडधडत आमच्या शेजारून गेला आणि मागून कुणीतरी गदागदा हलवल्यासारखं झालं. माझ्या बाजूच्या आरशात आमचाच ट्रेलर पूर्ण दिसला. मग दिसेनासा झाला आणि डेलबर्टच्या आरशात आला. परत माझ्या. दर खेपेला जास्त. पिकअपचं बूड सरकायला लागलं. डेलबर्टने ब्रेक दाबला तर ट्रेलरने आम्हालाच पुढे ढकललं. माझ्या अंगाला कठडा होता, आणि कठड्यापलीकडे झाडांचे शेंडे. झाडं नाही, शेंडे.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. डेलबर्ट म्हणतो, किर्क अशी हाक मारलीस.

त्याने ब्रेकवरचा पाय काढला आणि डॅशबोर्डखाली ट्रेलरच्या ब्रेकची वेगळी पट्टी असते ती अंगठ्याने दाबून धरली. नुसती धरून ठेवली. मागचा हत्ती एकदा, दोनदा झटके देऊन सरळ झाला. मग कडेची रुंद जागा आली, तिथे आम्ही थांबलो. ब्रेकचा जळका वास.

मग मात्र मी तोंड सोडलं. दोन म्हाताऱ्या माणसांना एवढं धूड कशाला? कुणाला दाखवायचंय? लोक हसतात आपल्याला, तुला दिसत नाही का? जीव घेशील माझा!

डेलबर्टने सगळं ऐकून घेतलं. स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत त्याने.

"आपल्यासाठी नाही, वर्ला. किर्कसाठी आहे. सोमवारी सुटतोय तो."

२० मे

काल लिहिलं नाही.

मी इथेही खोटं लिहिलं. ही वही कुणी वाचत नाही, कपाटात टॉवेलांखाली असते, तरी तिच्यातसुद्धा मी मुलाला अलास्कात ठेवला. तो सहा वर्षं कोलोरॅडोच्या तुरुंगात आहे. दारू पिऊन गाडी चालवली आणि रस्त्याच्या कडेने चाललेल्या एका बाईला मारलं. निकालाच्या दिवशी मी गेले होते. त्यानंतर नाही. घरी येताना पंपावर मेव्हिसचा फोन आला, किर्कचं कसं चाललंय? तोंडातून निघून गेलं, अलास्काला गेला, तेलाच्या कामावर. एकदा निघालं ते निघालं. मग दर नाताळला त्याला थोडं थोडं वाढवावं लागलं. पगारवाढसुद्धा दिली मी त्याला.

डेलबर्ट मासे धरायला कुठे जात होता हे मला माहीत नव्हतं, असं लिहिणार होते. खोडते. मी विचारायचं टाळत होते.

सुटल्यावर राज्याबाहेर जाता येत नाही, दोन वर्षं पॅरोल, म्हणजे सरकारची नजर. राहायचा पत्ता असल्याशिवाय सोडत नाहीत, आणि असा शिक्का बसलेल्याला खोली कोण देणार? डेलबर्टने खिंडीपलीकडे ही जागा शोधली. ट्रेलर लावून लोक बारा महिने राहतात इथे. जवळच बटाट्याच्या वखारी आहेत, तिथे काम ठरलंय. गेलनचा ट्रक घेतला असता तर परत एकटा बघून गेलनने विचारलं असतं, ट्रेलर कुठे ठेवलास? आमच्या पिकअपला कुणी काही विचारत नाही.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं.

"तू आली नसतीस," डेलबर्ट म्हणाला.

खरं आहे.

जागेची देखरेख करणारी बाई ओर्लिंडा. पन्नाशीची, लांब वेणी, मागे दोन कुत्री. डेलबर्टने ट्रेलर मागे घेताना तिने नुसता हात वर धरून त्याला दोन खेपांत जागेवर आणलं. मला म्हणाली, "तुम्ही आलात ते फार बरं झालं, ताई." मी म्हटलं, हो, हवा छान आहे इकडे.

२२ मे

काल त्याला आणलं. डेलबर्ट आत गेला, मी पिकअपमध्ये बसून राहिले. फाटकातून दोन माणसं येताना दिसली, आणि क्षणभर मला कळेना यातला आपला कोणता. केस विरळ झालेत. खांदे डेलबर्टसारखे पडलेत. त्याने काचेतून बघितलं आणि थांबला, मी असेन हे त्याला सांगितलेलं नव्हतं.

"आई," म्हणाला.

"जेवलास का?" मी म्हटलं.

तासाभराच्या वाटेत तो खिडकीबाहेर बघत होता. ट्रेलर पाहिल्यावर मात्र हसला. "बाबा, हा तुम्ही त्या पिकअपने ओढलात? खिंडीतून? जिवंत कसे राहिलात?" डेलबर्ट लाजला, एखाद्या पोरासारखा. बूट घालून पाहिले, बरोबर बसले.

तेवढ्यात ओर्लिंडा आली. हातात झाकलेलं भांडं, हिरव्या मिरचीचा रस्सा. किर्ककडे बघून हसत होती. आमच्या मागच्या ट्रेलरमधला म्हातारा पण कुंपणाशी येऊन उभा होता. ती काही बोलायच्या आत माझं तोंड चाललं.

"हा किर्क. ट्रेलरवर लक्ष ठेवायला ठेवलाय आम्ही याला. ओळखीतून मिळाला. हाताला चांगला आहे."

ओर्लिंडाने माझ्याकडे बघितलं. मग डेलबर्टकडे. डेलबर्ट बुटांचं खोकं दुमडत होता, दुमडतच राहिला.

"बरं," ती म्हणाली. "ये रे किर्क. तिखट चालतं ना तुला?"

"चालतं, मॅडम," किर्क म्हणाला.

मला वाटलं, निभावलं. तिला काही संशय आला नाही. रात्री मी सगळ्यांना वाढलं, कुणी फारसं बोललं नाही. दमले असतील, असं मनाशी म्हटलं.

आज सकाळी भांडं परत द्यायला गेले. ओर्लिंडा पायरीवर कुत्र्याच्या अंगातले गोखरूचे काटे काढत होती. मी रस्सा छान होता म्हटलं. तिने भांडं घेतलं आणि खाली बघतच बोलली.

"ताई, तुमचे यजमान फेब्रुवारीत इथे आले होते. टोपी हातात घेऊन. म्हणाले, माझा मुलगा तुरुंगातून सुटणार आहे, त्याने असं असं केलंय, तुम्ही जागा द्याल का? आधी ते सांगितलं, मग स्वतःचं नाव. म्हणून दिली मी जागा."

काल तिला माहीत होतं. डेलबर्टला माहीत होतं की तिला माहीत आहे. किर्कला माहीत होतं. तिघांसमोर मी माझ्या पोटच्या मुलाला भाड्याचा गडी केला, आणि तिघांनी मला सांभाळून घेतलं. धरणीने पोटात घेतलं असतं तर गेले असते.

"मागचा म्हातारा?" मी विचारलं. मला स्वतःचीच किळस आली, पण विचारलं.

"त्याला पण ठाऊक आहे," ओर्लिंडा म्हणाली. "तो स्वतः आत होता."

किर्क ट्रेलरच्या चाकांपुढे लाकडाचे ठोकळे ठोकत होता. मी त्याच्याशेजारी उभी राहिले. म्हटलं, किर्क, काल मी जे बोलले...

"सोड ना आई."

"नाही, मी..."

"आतमध्ये मी सगळ्यांना सांगितलं होतं की माझी आई वारली." त्याने ठोकळ्यावर हातोडी मारली. "भेटीच्या दिवशी लोक विचारतात ना. पहिल्या वर्षी सांगून टाकलं. म्हणजे मग कुणी विचारत नाही. तेव्हा फिट्टंफाट."

तो रागाने बोलला असता तर सोसलं असतं.

२६ मे

निघायचं उद्या. किर्क कामावर जायला लागलाय. संध्याकाळी अंगाला माती आणि बटाट्याच्या पोत्यांचा वास घेऊन येतो. मी डबे भरून ठेवले. शेगडी घासली, खिडक्या पुसल्या, त्याचे जुने सदरे शिवले. तो प्रत्येक वेळी "थँक्यू" म्हणतो. घरातलं माणूस घरातल्याला इतक्या वेळा म्हणत नाही.

आज जेवताना मी म्हटलं, "गावात अजून कुणाला ठाऊक नाही, तुला कधी यावंसं वाटलं तर..."

त्याने चमचा ठेवला. "आई, तुला नक्की लाज कशाची वाटते? लोक काय म्हणतील त्याची, की मी जे केलं त्याची?"

मी त्याच्या पेल्यात पाणी ओतलं.

"तिचं नाव रमोना होतं," तो म्हणाला. "शाळेच्या बसमध्ये मुलांना सांभाळायची. काम संपवून घरी चालली होती. तू कधी विचारलंस?"

डेलबर्टने पाव त्याच्यापुढे सरकवला. कुणीच नीट जेवलं नाही. मग किर्क उठून भांडी घासायला लागला, मी पुसायला घेतली. एक ताट त्याने माझ्या हातात दिलं आणि क्षणभर सोडलंच नाही. मीही सोडलं नाही. एवढंच झालं.

२८ मे

घरी. मागे काही नसताना पिकअप खिंडीवर असा पळाला की डेलबर्टला दोनदा म्हणावं लागलं, हळू. उतारावरची ती रुंद जागा गेली तेव्हा आम्ही दोघंही तिकडे बघितलं नाही. निघताना किर्कने पिकअपच्या टपावर थाप मारली होती. म्हणाला, "सणाला या. पण बाबा, मागे काहीही बांधून आणू नका." आणि मला म्हणाला, "तूही ये." 'तूही' वर जोर होता की नव्हता, रस्ताभर तेच डोक्यात.

मेव्हिस खिडकीत होती. तिने पडदा सारला, बाहेर आली नाही. ट्रेलरशिवाय आलेलं बघून तिला काय वाटलं असेल, याचा मी संध्याकाळभर विचार केला. आणि मग लक्षात आलं, मी पुन्हा तेच करतेय.

३ जून

रविवार. चर्च.

प्रवचनानंतर पाद्रीबाई विचारतात, कुणासाठी प्रार्थना करायची? मग एकेक जण उठून नाव सांगतं. अमक्याचा गुडघा, तमकीची नात, गव्हाला पाऊस. पाद्रीबाई कागदावर टिपून घेतात. गेलनने त्याच्या बहिणीचं नाव सांगितलं. मग नावं संपली, आता पेटी वाजणार.

मी उभी राहिले. डेलबर्टला ठाऊक नव्हतं मी उठणार आहे, मलाही नव्हतं. पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरली होती.

म्हटलं, माझ्या मुलासाठी. किर्कसाठी. तो अलास्कात नाही आणि कधीच नव्हता. सहा वर्षं तुरुंगात होता, नुकताच सुटला. ट्रेलर त्याच्यासाठी होता. त्याने दारू पिऊन एका बाईच्या अंगावर गाडी घातली आणि ती मेली.

कुणाच्या हातातलं पुस्तक पडलं. मेव्हिसची मान माझ्यापुढेच होती, लाल होत गेली. ती वळली नाही.

"आणि तिच्यासाठी," मी म्हटलं. "त्या बाईसाठी. आधी तिच्यासाठी म्हणायला हवं होतं. तिचं नाव रमोना."

पाद्रीबाईंनी लिहून घेतलं. मग पेन थांबवून अगदी हळू विचारलं, "रमोना... आडनाव काय, वर्ला?"

माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मी विचारलंच नव्हतं. किर्कने नाव सांगितलं तेव्हाही मला आडनाव विचारावंसं वाटलं नव्हतं. सगळं चर्च वाट बघत होतं, आणि मी सगळ्यांसमोर उभी, आणि मला येत नव्हतं.

डेलबर्ट माझ्याशेजारी उठून उभा राहिला.

"आर्चुलेता," तो म्हणाला. मग एकेक अक्षर सावकाश सांगितलं, पाद्रीबाईंचं लिहून होईपर्यंत.